गोळ्यांची मोजदाद

बंदुकीत एका वेळी किती काडतुसं असावीत, याचा अमेरिकेत देशभर लागू झालेला पहिला नियम बदकांसाठी झाला. १९३५ साली तिथल्या केंद्र सरकारने ठरवलं, की स्थलांतर करून येणाऱ्या पाणपक्ष्यांवर नेम धरणाऱ्याच्या छऱ्याच्या बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. बाजारात तर पाच-पाच काडतुसांच्या बंदुका आलेल्या होत्या. त्यावर उपाय अगदी सुतारकामाचा निघाला. काडतुसं जिथे एकामागे एक बसतात त्या नळकांड्यात लाकडाचा दांडा सारायचा. जागा अडली की तीनच काडतुसं बसतात. हा नियम आजही तिथे पाळला जातो आणि वनरक्षक तळ्याकाठी बंदूक उघडून दांडा आहे की नाही ते बघतात.

हे सांगायला कोहमारा ही बरी जागा आहे. मुंबई-कोलकाता महामार्गावर साकोली मागे टाकून देवरीकडे निघालं, की गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव लागतं. इथून एक रस्ता गोंदियाला जातो, दुसरा नवेगावबांधला. एका अंगाला नागझिऱ्याचं जंगल, दुसऱ्या अंगाला नवेगावचं. कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नवेगावच्या बांधावर हिवाळ्यात दूरदेशीची बदकं उतरतात. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे हा तलाव मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. या पट्ट्यात बंदुकीचा प्रश्न निघाला, की तो नेहमी जनावर, धान आणि पोलीस या तिघांच्या मधून जातो. अमेरिकेतली राज्यं ज्या मॅगझिनच्या आकड्यावरून न्यायालयात भांडतात, तो आकडा इथे कुणाच्या तोंडी नसतो. असायला हवा का, हे बघण्यासारखं आहे.

मॅगझिन म्हणजे काडतुसांची पेटी. पत्र्याची किंवा प्लास्टिकची, तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर एक सरकती पट्टी आणि पट्टीवर रचलेली काडतुसं. वरचं काडतूस नळीत गेलं, की स्प्रिंग खालचं वर ढकलते. यंत्र म्हणून यात विशेष काही नाही. पण बंदुकीच्या इतिहासात या पेटीने जे केलं ते मोठं आहे: दोन गोळ्यांमधली वेळ तिने जवळजवळ संपवली. आपल्याकडची भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, आठवा. आधी दारू ओतायची, मग चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचं, शेवटी टोपी लावायची. सरावलेल्या माणसालाही यात अर्धा-पाऊण मिनिट जातं. रानडुक्कर एवढा वेळ थांबत नाही. दुनळीत दोन बार मिळतात, मग बंदूक मोडून पुन्हा भरायची. सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, पाच काडतुसांची .३१५ रायफल, दहाची .३०३, वीसची एसएलआर आणि इन्सास, तीसची एके-४७. ही चढती भाजणी पाहिली, की मॅगझिनवर मर्यादा घालणारा कायदा नेमकं काय मागतो ते लक्षात येतं. बंदूक राहू दे, गोळीही राहू दे. फक्त ठरावीक बारांनंतर मारणाऱ्याला थांबावं लागलं पाहिजे.

त्या थांबण्यात काय घडू शकतं, याचं सगळ्यांत जास्त सांगितलं जाणारं उदाहरण अॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरातलं आहे. ८ जानेवारी २०११ रोजी एका दुकानाबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स मतदारांना भेटत होत्या. एका तरुणाने पिस्तुलाने गोळीबार केला. पिस्तूल नेहमीचंच, पण त्याला ३३ गोळ्यांचं लांबडं मॅगझिन लावलेलं होतं. सहा जण मेले, त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी लागली, तरी त्या वाचल्या. मॅगझिन रिकामं झालं आणि तो दुसरं चढवायला गेला, तेवढ्यात आसपासच्या लोकांनी त्याला खाली पाडलं. एका बाईने त्याच्याजवळचं मॅगझिन ताब्यात घेतलं. तिथे दहाचं मॅगझिन असतं तर ही झटापट कितव्या गोळीनंतर झाली असती, हा प्रश्न गिफर्ड्स यांचे पती मार्क केली यांनी पुढे अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मांडला. मर्यादेच्या बाजूने याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही तितकंच थेट आहे. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी हत्याकांड केलं, तेव्हा अमेरिकेत दहापेक्षा मोठ्या मॅगझिनच्या उत्पादनावर केंद्रीय बंदी होती. १९९४ साली आलेली ती बंदी २००४ पर्यंत टिकली. कोलंबाइनच्या एका हल्लेखोराने आपल्या एका बंदुकीसाठी दहा-दहाची तेरा मॅगझिनं सोबत आणली होती आणि त्या एका बंदुकीतून ९६ वेळा गोळ्या झाडल्या. कायदा त्याने मोडला नाही, पेट्या वाढवल्या. सराव असलेला माणूस दोन-तीन सेकंदांत मॅगझिन बदलतो, हे बंदूकवाल्या संघटना नेहमी सांगतात आणि ते खरं आहे. म्हणजे या कायद्याचा भरवसा दोन गोष्टींवर: हल्लेखोर अडखळेल आणि जवळ कुणीतरी झेप घेणारा असेल. दोन्ही घडतीलच असं नाही. पण टूसॉनमध्ये दोन्ही घडल्या, आणि आयुष्य वाचवणारे पुष्कळ कायदे असल्याच भरवशावर उभे असतात. दुचाकीवरचं हेल्मेटही प्रत्येक अपघातात वाचवत नाही.

अमेरिकेत राज्यांनी हे काम १९२७ सालीच सुरू केलं होतं. टोळीयुद्धांचे ते दिवस. मिशिगनने पुन्हा न भरता सोळापेक्षा जास्त गोळ्या सुटणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली, ऱ्होड आयलंडने बारावर रेघ ओढली. पुढे हे कायदे विरले आणि १९९०च्या सुमारास न्यू जर्सीने पंधराचा आकडा आणून विषय परत उघडला. आज तिथे आकड्यांची सरमिसळ आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट इथे दहा, न्यू जर्सीतही २०१८ पासून दहा, कोलोरॅडोत पंधरा, डेलावेअरमध्ये सतरा, व्हर्मॉन्ट आणि इलिनॉय इथे रायफलला दहा पण पिस्तुलाला पंधरा. बाकीच्या बहुसंख्य राज्यांत काहीच नाही. राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो, आणि हद्दीवर नाका नसतो. न्यूयॉर्कने २०१३ साली सातचा आकडा आणून पाहिला: मॅगझिन दहाचं चालेल, पण भरायच्या सातच. तो भाग न्यायालयात टिकला नाही, आणि टिकला नाही ते बरंच झालं. पेटीत दहाची जागा असताना माणूस सातवर हात आवरेल, हे कायद्याने गृहीत धरणं भाबडेपणाचं होतं.

दहा का? पंधरा का नाही, आठ का नाही? याचं शास्त्रीय उत्तर नाही. दोन्ही हातांना मिळून दहा बोटं असतात म्हणून दहा हा आकडा आवडतो, याहून चांगलं कारण शोधायला गेलं तर हाती लागत नाही. मर्यादेच्या विरोधकांनी यावर खूप टीका केली. मला ती टीका फारशी पटत नाही. मतदानाचं वय अठरा आणि वाहनाचा वेग ऐंशी हेही असेच कुठेतरी ओढलेल्या रेघांवरचे आकडे आहेत. २०२२ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रकायदे देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी ताडून बघा, असा दंडक घातला, तेव्हापासून मिशिगनचा १९२७चा सोळाचा आकडा वकिलांच्या कागदपत्रांत पुन्हा जिवंत झाला आहे. कॅलिफोर्नियाचा दहाचा नियम तिथल्या संघीय अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला.

कॅनडाने हे काम जास्त नेटकेपणाने केलं. अर्धस्वयंचलित रायफलींना साधारणपणे पाच, पिस्तुलांना दहा. आणि मोठं मॅगझिन विकायचं असेल तर आत रिव्हेट ठोकून त्याची जागा कायमची अडवायची. बदकांच्या बंदुकीतल्या लाकडी दांड्याचंच हे पोलादी रूप.

आणि न्यूझीलंडने चूक कशी होते ते दाखवलं. तिथे साध्या परवान्यावर अर्धस्वयंचलित रायफल मिळत होती, अट इतकीच की मॅगझिन सातचं असावं. मोठं मॅगझिन लावलं की बंदूक वरच्या, कडक वर्गात जायची. ऐकायला ठीक वाटतं. पण सुटं मॅगझिन विकत घ्यायला परवानाच लागत नव्हता. मर्यादा बंदूक आणि पेटी यांच्या जोडीवर होती, पेटी मात्र मोकळी. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याने याच फटीतून वाट काढली. महिन्याभरात तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा बदलला आणि त्यात मोठी मॅगझिनंही बंदीच्या यादीत आली.

आता आपल्याकडे. महाराष्ट्र विधानसभेने उद्या ठराव करून, मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या नकोत असा कायदा करायचं मनात आणलं, तर तो करता येईल का? येणार नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीच्या पाचव्या नोंदीत शस्त्रं, अग्निशस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं हे विषय आहेत, म्हणजे ते संसदेच्या हातात. कायदा-सुव्यवस्था आणि पोलीस राज्याकडे, बंदुकीचा परवाना देणारा जिल्हाधिकारी राज्याचा, निवडणूक आली की ठाण्यात परवान्याच्या बंदुका जमा करून घेणारा शिपाई राज्याचा. पण बंदूक कशी असावी हे दिल्लीत ठरतं. अमेरिकेत राज्याराज्यांत जे ओढाताणीचं राजकारण चालतं, त्याला इथे जागाच नाही.

घटना समितीत ही मांडणी होत होती त्या दिवसांत शस्त्र बाळगण्याचा हक्कच घटनेत घालायचा प्रस्ताव आला होता, आणि तो मांडणारा सदस्य याच भागाच्या वतीने सभेत बसला होता. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात. त्या प्रांताचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये मूलभूत हक्कांच्या चर्चेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती सुचवली. पाठीशी १९३१चा काँग्रेसचा कराची ठराव होता, आणि त्या ठरावामागे १८७८च्या इंग्रजी शस्त्र कायद्याचा राग. त्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभं केलं होतं आणि युरोपियनांना मोकळं सोडलं होतं. डॉ. आंबेडकरांनी उत्तरात सांगितलं, की तो ठराव परक्या राज्याच्या काळातला होता. आता प्रत्येक नागरिकाला सरसकट असा हक्क दिला तर गुन्हेगारांच्या हातातलं शस्त्रही सरकारला अडवता येणार नाही. दुरुस्ती पडली. अमेरिकेत मॅगझिनच्या प्रत्येक कायद्याला घटनेतल्या शस्त्राच्या हक्काशी झुंजावं लागतं, ती झुंज आपल्याकडे १९४८ सालीच निकालात निघाली. इथे बंदूक ही सरकारने दिलेली परवानगी आहे, आणि परवानगीला अटी घालता येतात.

मग अटी कसल्या आहेत? १९५९चा शस्त्र अधिनियम मॅगझिनचा उल्लेख करतो, तो निषिद्ध शस्त्राच्या व्याख्येत: खटका दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, असं हत्यार सामान्य माणसाला बंद. त्या मॅगझिनमध्ये पाच गोळ्या असोत की पन्नास, व्याख्येला फरक पडत नाही. अर्धस्वयंचलित रायफली नियमांतल्या वरच्या, कडक वर्गात ठेवल्या आहेत. लष्कर-पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटर, .३०३ असे बोअर, म्हणजे नळीची मापं, साध्या परवान्यावर मिळत नाहीत. उरतं काय, तर .३२चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .३१५ची खटक्याआधी हाताने बोल्ट ओढावा लागणारी रायफल, बारा बोअरची एकनळी-दुनळी आणि भरमार. शिवाय परवान्यावर काडतुसांचा हिशेब असतो: एका वेळी जवळ किती, वर्षात घेता येतील किती. १८६९ सालच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निघालेलं काडतूसही दुकानदाराच्या वहीत आणि परवान्याच्या पुस्तकात नोंद होऊनच घरी येतं. म्हणजे अमेरिकेने पेटी मोजली, आपण पेटीच्या मागचं कपाट मोजलं. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

नागझिरा-नवेगावच्या कडेच्या गावांना आणखी एक कायदा लागतो, आणि तो बंदुकीच्या चर्चेत क्वचितच येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२, कलम ३४. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वन विभागाकडे नोंदवायचं, आणि या टप्प्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती हवी. बंदुकीत किती गोळ्या, हा प्रश्नच इथे मागे पडतो. बंदूक जंगलापासून किती दूर, हे मोजलं जातं. कायदा करणाऱ्याने या जागेपुरता नेमका आकडा निवडला असं मला वाटतं. पण त्याच वेळी शस्त्र अधिनियम शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी भरमारीचा परवाना देण्याची सोय ठेवतो, आणि ज्याच्या बांधीत रानडुकरांचा कळप रात्रीतून धान लोळवून जातो त्याला ही दोन कलमं एकमेकांच्या वाटेत उभी दिसतात.

या पट्ट्यातलं सगळ्यांत घातक हत्यार मात्र कुठल्याच शस्त्र कायद्यात नाही. ते म्हणजे वीजवाहिनीवर आकडा टाकून शेताभोवती सोडलेली उघडी तार. डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ मरतात, माणसंही मरतात. नागझिऱ्यात जन्मलेल्या ‘जय’ वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ साली चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात असाच तारेने गेला. तारेला खटका नाही, मॅगझिन नाही, परवाना नाही आणि तिचा नेम कुणावरही लागतो.

आणि ज्या मॅगझिनांनी पूर्व विदर्भात खरोखर माणसं मारली, ती दुकानातून आलेली नव्हती. इन्सास, एसएलआर, एके ही हत्यारं चकमकींत, चौक्यांवरच्या हल्ल्यांत पळवलेली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला, तेव्हा जी हत्यारं खाली ठेवली गेली त्यांत एके-४७ आणि इन्सास होत्या. त्यांच्यावर मॅगझिनची मर्यादा लावायला त्यांच्याकडे परवाना असावा लागला असता. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोघांच्या हातात तीस-तीस गोळ्यांच्या स्वयंचलित रायफली होत्या आणि समोरच्या शिपायांकडे, ज्यांच्याकडे काही होतं त्यांच्याकडे, दहा गोळ्यांची पण प्रत्येक बाराला बोल्ट ओढावा लागणारी .३०३. स्थानकात पन्नासहून अधिक माणसं मेली. कायद्याने आकडा लिहिला असता तरी कराचीहून निघालेल्या होडीत त्याचं काही चाललं नसतं. देशातल्या बंदुकीच्या गुन्ह्यांत बिनपरवाना हत्यारांचाच भरणा असतो, आणि गावठी कट्ट्यात बहुधा एकच गोळी मावते.

मग आपल्याला आकडा हवाच कशाला? कारण बाजार बदलतो आहे. आजवर परवानाधारकाला जे मिळत होतं ते बहुतेक सरकारी कारखान्यातलं, पाच-सहा गोळ्यांचं जुनं हत्यार होतं. म्हणून मॅगझिन मोजायची गरज पडली नाही. ती मर्यादा कुणी विचार करून लिहिलेली नव्हती. कारखान्याच्या नमुन्यानेच ती आपोआप आली. २०१६च्या शस्त्र नियमांनंतर खासगी कारखानेही परवाने घेऊन उतरले आहेत, आणि .३२ बोअर कायम ठेवून जास्त गोळ्या मावणारं पिस्तूल बनवणं हे काही अवघड अभियांत्रिकी नव्हे. बोअर मोजणारा कायदा अशा पिस्तुलाकडे रिव्हॉल्व्हरच्याच नजरेने बघेल. अमेरिकेची अडचण अशी, की तिथे मोठी मॅगझिनं कोट्यवधींनी घराघरांत पोचल्यावर कायदा आला. जुनी परत घ्यायची की राहू द्यायची यावरच निम्मे खटले. आपल्याकडे घरांत ती जवळजवळ नाहीतच. लोकांकडे नसलेली वस्तू बंद करायला ना भरपाई लागते, ना झडती.

हे काम विधानसभेचं नाही, पण केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यासाठी संसदेतही जावं लागणार नाही. नियमांत दुरुस्ती पुरेल. पिस्तुलाला दहा, लांब नळीच्या हत्याराला पाच असं काहीसं. नेमबाजीच्या खेळाडूंना त्यांच्या प्रकारापुरती सवलत. आकड्यापेक्षा वाक्यरचना महत्त्वाची: मर्यादा सुट्या मॅगझिनवर लिहायची, बंदुकीला जोडलेल्या मॅगझिनवर नव्हे, आणि परवान्याच्या पुस्तकात काडतुसांच्या रकान्याशेजारी मॅगझिनची संख्या व क्षमता यांचा एक रकाना वाढवायचा. गोंदियाच्या जिल्हाधिकारी कार्यालयात परवाना नूतनीकरणाला आलेल्या दुनळीवाल्याला त्या रकान्यात शून्य लिहावं लागेल, भरमारवाल्यालाही शून्य.